त्र्यंबकेश्वर वाचता येईपर्यंत: पहिली ते तिसरीच्या मुलांचं वाचन, लेखन आणि गणित पक्कं करायची पद्धत

तिसरीतलं मूल पुस्तक उघडतं, ओळीवर बोट ठेवतं आणि घडाघडा वाचून दाखवतं. पान झाकून त्याच धड्यातला एक शब्द पाटीवर सुटा लिहून दिला की गप्प होतं. त्याला धडा पाठ आहे, वाचता येत नाही. दुसरं मूल एक ते शंभर न चुकता लिहून काढतं, आणि ‘त्रेसष्ट लिही’ म्हटलं की ३६ लिहितं. ही दोन्ही मुलं ‘कच्ची’ म्हणून एकाच बाकावर बसतात आणि दोघांनाही पुन्हा ‘अ अननसाचा’पासून सुरुवात करायला लावली जाते. त्यात पहिल्याचा वेळ जातो आणि दुसऱ्याचा प्रश्न तसाच राहतो. मूल नेमकं कुठं अडलंय ते शोधून काम तिथंच करायचं, बाकीचं बाजूला ठेवायचं, एवढ्यावर हा सगळा लेख उभा आहे.

५ जुलै २०२१ ला सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानाचं लक्ष्य सगळ्या शिक्षकांना तोंडपाठ आहे: २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला अर्थ समजून मिनिटाला किमान ६० शब्द वाचता यावेत आणि ९९९९ पर्यंतच्या संख्या हाताळता याव्यात. लक्ष्य ठीक आहे, पण मिनिटाच्या आकड्यामागे धावायची घाई नको. मराठीत ‘बाजारातून’, ‘घराजवळच्या’ असे प्रत्यय चिकटून शब्द लांब होतात. मूल अडखळत नसेल, ओळ न सोडता वाचत असेल आणि वाचलेलं सांगू शकत असेल तर घड्याळ महिनाभर खिशात राहिलं तरी चालेल.

आधी दहा मिनिटं, एकेका मुलासोबत

चाचणी एकेकाची घ्यायची, आणि इतर मुलांच्या कानाआड. पायरीवर, झाडाखाली, कुठंही. वर्गासमोर उभं केलं की येत असलेलंही येत नाही. कागद एकच पुरतो. त्यावर चार गोष्टी मोठ्या अक्षरात लिहायच्या: दहा सुटी अक्षरं, दहा दोन-तीन अक्षरी शब्द, जोडाक्षर नसलेला चार वाक्यांचा परिच्छेद आणि आठ-दहा वाक्यांची छोटी गोष्ट. पाठ्यपुस्तकातलं एकही वाक्य त्यात नको.

सुरुवात परिच्छेदापासून करायची, अक्षरांपासून नाही. वाचता येणारं मूल अक्षरांवर कंटाळतं आणि आपलीही पाच मिनिटं जातात. परिच्छेद जमला तर गोष्ट द्यायची, नाही जमला तर शब्द, तेही नाही तर अक्षरं. शब्द आणि अक्षरं पाचपाच विचारायची, पाचपैकी चार बरोबर आली की ती पायरी आली असं धरायचं. परिच्छेद असा चालेल:

बाबा सकाळी बाजारात गेले. टोमॅटो घेऊन गेले. दुपारी घरी आले. येताना आंबे आणले.

वाचून झाल्यावर दोन प्रश्न विचारायचे. ‘बाबा काय घेऊन गेले?’ याचं उत्तर कागदावरच आहे. दुसरा प्रश्न महत्त्वाचा: ‘मग टोमॅटोचं काय झालं असेल?’ ‘विकले’ हा शब्द परिच्छेदात कुठंच नाही. तो ज्याच्या तोंडून येतो त्याला वाचलेलं समजलंय. छान वाचून या प्रश्नावर जे मूल पुन्हा कागदात शोधत बसतं, त्याला आता अक्षरओळखीचा सराव नको, गोष्टींवर गप्पा हव्यात.

गणिताचंही असंच. मूठभर चिंचोके मोजायला द्यायचे, दोन अंकी पाच संख्या वाचायला आणि पाच ऐकून लिहायला सांगायच्या (त्यात १९, ५९ आणि ६३ हव्यातच), हातच्याची दोन वजाबाकीची उदाहरणं आणि एक तोंडी उदाहरण. लेखनासाठी पाच शब्दांचं श्रुतलेखन आणि एखाद्या चित्रावर दोन वाक्यं. सगळं नोंदवायला वहीचं एक पान पुरतं: नाव, वाचनाची पायरी, गणिताची पायरी आणि ‘कुठं अडलं’ याचे चार शब्द. हा शेवटचा रकाना रिकामा राहिला तर बाकीचे रकाने फक्त तपासणीला येणाऱ्या केंद्रप्रमुखांना दाखवण्यापुरते.

मग गट पाडायचे ते पायरीप्रमाणे, इयत्तेप्रमाणे नाही. दोन शिक्षकी शाळेत याने उलट सोयच होते. अक्षरावर अडलेलं चौथीतलं मूल आणि पहिलीतलं मूल एकत्र बसू शकतात. मोठ्या मुलाला त्यात कमीपणा वाटतो हे खरं. त्याला कार्डं वाटायचं, मोजून परत घ्यायचं काम दिलं की तो टिकतो.

अक्षरं: बाराखडीचा सूर आणि त्यात हरवलेली ‘की’

बाराखडी सुरात म्हणणारं मूल ‘क का कि की’ न अडखळता म्हणतं, पण सुटी ‘की’ दाखवली की मनात पहिल्यापासून मोजत येतं. ओठ हलताना दिसतात. म्हणून बाराखडी शेवटी, शिकलेलं नीट लावून ठेवायला वापरायची. सुरुवात छोट्या अक्षरगटांनी करायची.

पहिला गट: क, म, ल, न, र आणि काना. एवढ्यातच काका, मामा, नाना, नाक, कान, काम, काल, मका, लाल, मला, कमान हे शब्द होतात, आणि ‘नाना, काम करा’, ‘काका, मला मका’ अशी वाक्यंही. पहिल्याच आठवड्यात मूल पूर्ण वाक्य वाचतं. त्याला वाटतं ते वाचायला लागलं, आणि ते खरंच असतं.

कार्डं घरच्या घरी होतात. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून तीन इंची चौकोन करायचे. पाच अक्षरांची प्रत्येकी चार आणि कान्याची सहा, अशी सव्वीस कार्डं एका गटाला लागतात. कान्याचं कार्ड निम्म्या रुंदीचं ठेवायचं, म्हणजे ते अक्षराला चिकटून बसतं आणि काना हे वेगळं अक्षर नाही हे सांगावं लागत नाही. मुलाने कार्डं लावून शब्द करायचा, वाचायचा, एक कार्ड बदलायचं, पुन्हा वाचायचं. खरं काम या बदलण्यात आहे: नाक–नका, माल–मला, काल–कला, कर–करा. काना एका घरातून दुसऱ्या घरात गेला की शब्द बदलतो, हे हाताने करून पाहिलेलं मूल विसरत नाही.

दुसऱ्या गटात स, त, ब, द आणि दुसरी वेलांटी: नदी, माती, बकरी, दादा, मासा. दुसरी वेलांटी आधी का? कारण ती अक्षरानंतर येते आणि तिचा आवाजही नंतरच येतो. पहिली वेलांटी लिहायला आधी आणि बोलायला नंतर, म्हणून तिथं मुलं हमखास गोंधळतात. ‘किती’ वाचताना वेलांटी पाहून थांबतात, किंवा ती आधीच्या अक्षराला जोडतात. ती तिसऱ्या-चौथ्या गटात आणली आणि ‘ही टोपी पुढच्या अक्षराच्या डोक्यावर’ असं बोटाने दाखवलं की आठवड्यात सुटतं. मागे पडलेल्या दुसरी-तिसरीच्या मुलाला एक गट साधारण आठ-दहा दिवस पुरतो, पहिलीच्या मुलाला दुप्पट लागतो.

दिसायला सारखी अक्षरं एका गटात कधीच ठेवायची नाहीत: घ–ध, भ–म, थ–य, ब–व, ड–ह, ट–ठ–ढ. एक पक्कं झाल्यावर निदान दोन आठवड्यांनी दुसरं. ख या अक्षरात र आणि व सुटे लिहिले गेले तर मूल ‘रवडू’ वाचतं. चूक त्याची नाही, फळ्यावरच्या हस्ताक्षराची आहे. ल आणि श यांचंही तसंच. पाठ्यपुस्तकात मराठी वळण असतं, मोबाईलवर आणि बऱ्याच फलकांवर हिंदी वळण. दोन्ही दाखवायची, पण लिहून घ्यायचं एकच. बॅट आणि बॉल मुलांच्या तोंडात कायम असतात, तेव्हा ॲ आणि ऑ ही चिन्हं शेवटी ढकलू नयेत.

‘क… म… ळ…’ म्हणतं, ‘कमळ’ म्हणत नाही

अक्षरं येतात आणि शब्द येत नाही, अशा मुलाजवळ बसून नीट ऐकावं. ते प्रत्येक अक्षर लांबवून म्हणतं: कऽ, मऽ, ळऽ. आपण कमळ बोलताना शेवटचा ळ तोडतो, त्याच्यामागचा अ गिळतो. मुलाला हे कुणी सांगितलेलं नसतं, त्यामुळे त्याच्या कानाला तीन वेगळे आवाज येतात आणि ओळखीचा शब्द सापडत नाही. लांबवलेला अ कान्यासारखा ऐकू येतो, म्हणून ‘बस’चं ‘बसा’ होतं.

पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्याला एक आडवी खाच पाडायची. ही खिडकी शब्दावर ठेवून आधी पहिली दोन अक्षरं उघडी करायची: ‘कम’. ते एका दमात म्हणवून घ्यायचं. मग खिडकी सरकवून ‘ळ’ जोडायचा. चार अक्षरी शब्द दोन-दोनचे तुकडे करून वाचायचे. जोडणारा आवाज सुरुवातीला शिक्षकाचा असावा, चौथ्या-पाचव्या शब्दापासून मुलाचा. ‘पुन्हा वाच, नीट वाच’ असं दहा वेळा म्हणण्यापेक्षा दोन मिनिटं ही खिडकी सरकवलेली बरी.

पंधरा तालुके, पंधरा पायऱ्या

नाशिक जिल्ह्यातल्या मुलांना वाचनाची उतरंड शोधायला लांब जावं लागत नाही. तालुक्यांची नावं नीट लावली की मराठी लिपीतल्या बहुतेक अडचणी क्रमाने समोर येतात. एसटीच्या पाट्यांवर, नाशिक शहरातल्या सिटीलिंकच्या बसवर, बाजार समितीच्या फलकावर मुलं ती पाहतातही.

कळवण: एकही काना-मात्रा नाही, पण ‘कळ-वण’ असा तोडता आला पाहिजे. बागलाण: फक्त काना. पेठ: एक मात्रा, दोनच अक्षरं, सगळ्यात सोपा शब्द. देवळा, येवला आणि मालेगाव: काना आणि मात्रा एकत्र. नाशिक आणि निफाड: पहिली वेलांटी, एकीकडे शब्दाच्या मध्ये, दुसरीकडे सुरुवातीला. सुरगाणा: पहिला उकार, आणि र पाठोपाठ येऊनही जोडायचा नाही. इगतपुरी: शब्दाच्या सुरुवातीला सुटा स्वर, जो वेलांटीसारखा दिसत नाही आणि मुलांना परका वाटतो.

मग अनुस्वाराची तीन: चांदवड, नांदगाव, दिंडोरी. अनुस्वाराचा उच्चार पुढच्या अक्षरावर ठरतो. नियम सांगण्यापेक्षा ओठांवर बोट ठेवायला लावावं: ‘आंबा’ म्हणताना ओठ मिटतात, ‘नांदगाव’ म्हणताना मिटत नाहीत, ‘दिंडोरी’ म्हणताना जीभ वर वळते. मुलं हसतात आणि शिकतात.

सिन्नर हे जोडाक्षराचं पहिलं दार. एकच अक्षर दोनदा, पहिलं अर्धं. बाकी जोडाक्षरं याच क्रमाने घ्यावीत: आधी तेच अक्षर दोनदा (कच्चा, पक्का, गल्ली), मग उभा दंड तोडून होणारी (गोष्ट, वस्तू, म्हैस), आणि र सगळ्यात शेवटी. र चार ठिकाणी चार रूपं घेतो: ‘सूर्य’मध्ये डोक्यावर, ‘प्रकाश’मध्ये पोटात, ‘ट्रक’मध्ये पायाखाली आणि ‘पऱ्या’मध्ये वेगळाच. ही चारही एकाच दिवशी फळ्यावर मांडायचा मोह होतो. आठवड्याला एक पुरे.

त्र्यंबकेश्वर शेवटी. त, र, य एकत्र, वर अनुस्वार, मधे मात्रा, पुढे श आणि व जोडलेले. हा शब्द फोडून वाचणाऱ्या मुलाला पुढे अनोळखी शब्दाची भीती राहत नाही. मात्र त्याने तो नुसता बसच्या पाटीवरून ओळखला आहे की खरंच वाचला आहे, हे पाहायला पाटीवर ‘त्र्यंबकराव’ लिहून द्यावं.

घरची बोली

मालेगाव, बागलाण, कळवणकडे घरात अहिराणी, सुरगाणा-पेठकडे कोकणा ही आदिवासी बोली, सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींत बऱ्याच घरांत हिंदी. अहिराणी बोलणारं मूल ‘डोळा’ वाचताना ‘डोया’ म्हणालं तर त्याने शब्द बरोबर वाचला आहे. अक्षर ओळखलं, अर्थ लावला, आवाज घरचा काढला. ती वाचनाची चूक म्हणून नोंदवली की मूल पुढे तोंडच उघडत नाही. पाणी–पानी, बाळ–बाल हेही तसंच. उच्चार वर्षभरात ऐकून बदलतो, त्यासाठी वाचन थांबवू नये.

पहिले दोन-तीन महिने नव्या शब्दाची ओळख घरच्या शब्दाने करून द्यावी, त्याच बोलीत गोष्ट सांगू द्यावी, मग शिक्षकाने ती दोन सोप्या मराठी वाक्यांत फळ्यावर लिहावी. शिक्षकाला बोली येत नसेल तर अंगणवाडी ताईला किंवा चौथीतल्या मुलीला विचारावं. च आणि ज यांचे दोन उच्चार हिंदी घरातल्या मुलांना अडतात: ‘चार’मधला च आणि ‘चाक’मधला च एक नाही. याला सरसकट नियम नाही, ऐकूनच येतं. रोज मोठ्याने वाचून दाखवणं म्हणूनच टाळता येत नाही.

लेखन: उतारा काढणं म्हणजे लिहिणं नव्हे

वहीची पानंच्या पानं भरलेली असतात, अक्षर वळणदार असतं, आणि ‘काल घरी काय केलंस ते लिही’ म्हटलं की पान कोरं. फळ्यावरून उतरवण्यात शब्दाचा आवाज डोक्यातून जातच नाही. म्हणून उतारा दिवसाला तीन ओळींच्या वर नेऊ नये, आणि उरलेला वेळ दोन गोष्टींना द्यावा.

एक, रोज पाच शब्दांचं श्रुतलेखन, आज वाचलेल्या अक्षरगटातूनच. शब्द एकदा बोलायचा, मुलांनी तो मोठ्याने म्हणायचा, टाळ्या वाजवून तुकडे मोजायचे, मग लिहायचं. लिहून झालं की स्वतःच वाचून तपासायचं. दोन, रोज एक वाक्य स्वतःच्या मनाचं. चित्र काढून त्याखाली लिहिलं तरी चालेल. ‘आजी मले बोर देली’ असं आलं तर ते तसंच वाचून दाखवायला सांगावं आणि शाबासकी द्यावी. त्या वाक्यात मात्रा, वेलांटी, काना सगळं जागेवर आहे.

लाल शाईचा हात आवरता हवा. एका वेळी एकच चूक धरायची, या आठवड्यात कान्याची असेल तर फक्त कान्याचीच. ऱ्हस्व-दीर्घाला दुसरीपर्यंत हात लावू नये. तिसरीत एकच नियम पुरतो: मराठी शब्दाच्या शेवटी येणारी वेलांटी आणि उकार दीर्घ, जसे पाणी, वही, चाकू. ‘आणि’ हा अपवाद तिथंच सांगून टाकावा, कारण तो रोज लागतो.

अक्षर आधी लिहायचं, शिरोरेषा शब्द पूर्ण झाल्यावर एकदम ओढायची. प्रत्येक अक्षरावर वेगळी रेघ दिली की शब्द तुटक दिसतो आणि मूल दोन शब्दांमधली जागाही विसरतं. त्या जागेसाठी डाव्या हाताचं एक बोट ठेवायला सांगणं पुरे. पेन्सिल मुठीत धरणाऱ्या मुलाला तिचा तीन इंची तुकडा द्यावा. तुकडा मुठीत धरून लिहिता येत नाही, चिमटीतच धरावा लागतो.

गणित: संख्येचं नाव उलटं चालतं

मराठीत एकवीस ते अठ्ठ्याण्णवमध्ये बहुतेक ठिकाणी आधी एकक बोलतो, मग दशक. ‘पंचवीस’ ऐकलं की कानावर आधी पाच येतात, म्हणून मूल ५२ लिहितं. ‘सदतीस’चे ७३ होतात. त्यात नऊची घरं वेगळीच: एकोणतीस ते एकोणनव्वद ही नावं पुढच्या दहाच्या नावाने चालतात. एकोणसाठ म्हणताना साठ ऐकू येतं आणि लिहायचे असतात ५९. मूल ६९ किंवा ६१ लिहितं आणि त्याच्या बाजूने ते बरोबरच असतं. शेवटी ९९ नव्व्याण्णव होऊन हाही नियम मोडतो.

२०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात ‘वीस दोन’ अशा धर्तीचं संख्यावाचन दिलं तेव्हा राज्यभर खडाजंगी झाली होती. बाजू कुणाचीही घ्या, शिकवताना तो आधार उपयोगी आहे: ‘साठ आणि तीन, म्हणजे त्रेसष्ट.’ आधी काड्यांनी संख्या करायची, मग ‘साठ तीन’ म्हणायचं, मग खरं नाव, आणि शेवटी लिहायचं. पंधरा दिवसांनी आधार काढून घ्यायचा. बाजारात आजीला ‘साठ तीन’ कळणार नाही.

काड्या आइस्क्रीमच्या, झाडूच्या हिरांच्या, काहीही चालतील. प्रत्येक गटाला शंभर, दहा-दहाचे गठ्ठे रबराने बांधलेले. गठ्ठे मुलांनी स्वतः बांधायचे आणि प्रत्येक वेळी सोडून मोजायचे, निदान पहिला आठवडा. तयार गठ्ठे दिले तर गठ्ठा ही त्यांच्यासाठी एकच वस्तू राहते, दहा होत नाही. त्याआधी मोजणी तपासावी: मूल एकच चिंचोका दोनदा मोजतं का? सात मोजल्यावर ‘किती आहेत?’ विचारलं की पुन्हा एकपासून सुरू करतं का? करत असेल तर शेवटचा आकडा म्हणजे सगळे मिळून किती, हे त्याला अजून उमगलेलं नाही, आणि बेरीज थांबवावी लागेल. मोजलेला चिंचोका वाटीत टाकत जायचा, ही साधी सवय निम्मं काम करते.

अंकांच्या लिपीचीही एक अडचण आहे. देवनागरी १ आणि इंग्रजी 9 जवळपास सारखे दिसतात. पाटीवर देवनागरी, बसवर आणि मोबाईलवर इंग्रजी, त्यामुळे मूल घरी ‘एक’ म्हणतं आणि शाळेत ‘नऊ’. दहापर्यंतची ओळख पक्की होईतो एकच लिपी वापरावी, मग दुसरीची जोडी शेजारी लावून द्यावी.

हातच्याची वजाबाकी जवळून पाहू. ५२ – २७. मूल ३५ लिहितं, कारण ‘दोनातून सात जात नाहीत’ म्हणून त्याने सातातून दोन काढले. पुन्हा रीत सांगून उपयोग नाही. पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या समोर ठेवायच्या.

‘किती आहेत?’
‘बावन्न.’
‘मला सत्तावीस दे.’
ते दोन गठ्ठे देतं. मग थांबतं. ‘बाई, सात नाहीत. दोनच सुट्या आहेत.’
‘मग?’
इथं शिक्षकाने गप्प राहायचं. काही मुलं शेजाऱ्याकडून पाच काड्या मागतात, तेही मागू द्यावं. अर्ध्या मिनिटात कुणीतरी गठ्ठ्याचं रबर काढतं.

रबर निघालं की हातचा समजला. त्यानंतर तीच कृती कागदावर लिहून दाखवायची: पाचवर काट मारून चार, दोनाचे बारा. निदान आठ-दहा उदाहरणं काड्या आणि कागद शेजारी ठेवून करायची, मगच काड्या बाजूला. ४० – १७ सारखी शून्याची उदाहरणं या क्रमात लवकर आणावी, कारण तिथं सुट्या काड्या मुळातच नसतात आणि रबर सोडण्यावाचून पर्याय राहत नाही.

तीन अंकी संख्येत ‘एकशे पाच’ म्हटलं की मूल १००५ लिहितं, जसं ऐकलं तसं. यावर एकावर एक बसणारी कार्डं करायची: १०० चं लांब, ४० चं मध्यम, ५ चं छोटं, उजव्या कडा जुळवून ठेवायची. शंभरच्या कार्डावर पाच ठेवलं की मागचं एक शून्य झाकलं जातं आणि १०५ दिसतं. पाढे दोन, पाच आणि दहाचे आधी. ‘पाच त्रिक पंधरा’ म्हणताना पाच-पाच चिंचोक्यांच्या तीन ओळी मांडलेल्या हव्यात, नाहीतर तो बाराखडीचाच सूर होतो. बाजारातल्या सापशिडीवर एक ओळ डावीकडून उजवीकडे आणि पुढची उलटी जाते, नुकतं शिकणारं मूल तिथं चुकतं. सगळ्या ओळी एकाच दिशेने जाणारा पट खडूने फरशीवर आखून घ्यावा.

शाब्दिक उदाहरणं मुलांच्या डोळ्यांसमोरची घ्यावीत. टोमॅटोच्या एका क्रेटमध्ये २० किलो, जीपमध्ये ६ क्रेट, तर किती किलो? मुलं क्रेट पाहून मोठी झाली आहेत, चित्र लगेच उभं राहतं. ‘उरले’ म्हणजे वजाबाकी आणि ‘मिळून’ म्हणजे बेरीज अशी चावी मात्र देऊ नये. ‘१२ क्रेट विकले, ५ उरले, आधी किती होते?’ या उदाहरणात ती चावी कुलूप तोडते. आधी मुलाने उदाहरण स्वतःच्या शब्दांत सांगायचं, मग चिंचोक्यांनी मांडायचं, आणि चिन्ह सगळ्यात शेवटी.

रोजची नव्वद मिनिटं

भाषेला पन्नास, गणिताला चाळीस. भाषेत दहा मिनिटं शिक्षकाने गोष्ट वाचून दाखवायची, ओळीखाली बोट फिरवत. पंधरा मिनिटं कार्डं, पंधरा मिनिटं गटात एकेकाने वाचन, दहा मिनिटं लेखन. गणितात दहा मिनिटं तोंडी, वीस वस्तूंसह, दहा कागदावर. एक गट शिक्षकासोबत असताना दुसऱ्याला स्वतः करता येण्याजोगं काम हवं: आधीच वाचून झालेलं पुस्तक, शब्दजोड्या, खडूचा पट. नवं काम एकट्या गटाला दिलं की दर मिनिटाला कुणीतरी उठून येतं. सगळ्या वर्गाने एकसुरात म्हणण्याची वेळ पाच मिनिटांच्या वर जाऊ देऊ नये, त्या आवाजात दहा मुलं नुसते ओठ हलवतात.

दर चार आठवड्यांनी तीच चाचणी, कागद नवा. जे मूल दोन चाचण्यांत एकाच पायरीवर राहिलं त्याची नजर आणि कान आधी तपासून घ्यावेत. फळा दिसत नाही म्हणून मागे राहिलेली मुलं वाटतात त्याहून जास्त असतात.

घरी वाचता न येणारी आई काय करू शकते? बरंच. मुलाला रोज पाच मिनिटं मोठ्याने वाचायला लावून ‘मग पुढं काय झालं?’ विचारायला अक्षरओळख लागत नाही. भाजी निवडताना शेंगा दहा-दहाच्या ढिगाने मोजायला सांगायलाही लागत नाही. माता गटाच्या बैठकीत भाषण नको, ही दोन कामं करून दाखवावी.

द्राक्षांच्या मोसमातली पिशवी

ऑक्टोबर छाटणीपासून सुरगाणा, पेठ, त्र्यंबककडची कुटुंबं दिंडोरी-निफाडच्या बागांकडे जातात. द्राक्षतोडणी संपेपर्यंत मार्च उजाडतो. जून ते ऑक्टोबर कमावलेलं तेवढ्यात निसटतं, कारण मूल नव्या शाळेत गेलं तरी तिथं त्याची पायरी कुणाला माहीत नसते.

स्थलांतर करणाऱ्या मुलाला नव्या शाळेसाठी मिळणाऱ्या शिक्षण हमी कार्डासोबत एक कापडी पिशवी द्यावी. त्यात मुलाला येणाऱ्या अक्षरगटांची कार्डं, पुढच्या एकाच गटाची कार्डं, दहा लाल–दहा पांढरे अशा शंभर मण्यांची माळ, पाटी-पेन्सिल आणि दोन पातळ गोष्टी: एक वाचता येणारी, एक किंचित अवघड. वहीच्या शेवटच्या पानावर तीन ओळी ठळक: वाचन कुठवर, गणित कुठवर, सध्या काय चाललंय. दिवाळीच्या सुट्टीआधीच हे तयार हवं, कारण निघायची तारीख पालकांना स्वतःलाही आदल्या दिवशीच कळते.

होळीला मुलं परततात. पहिल्या दिवशी चाचणी घेऊ नये. पिशवीतली कार्डं फरशीवर मांडून ‘बागेत काय काय पाहिलंस’ ते विचारावं, त्यातले चार शब्द कार्डांनी लावून घ्यावेत, आणि हरवलेली कार्डं नव्या लग्नपत्रिकेतून कापून द्यावीत.